सिझर झालं म्हणून दूध येत नाही का? एका जुन्या प्रश्नाचा इतिहास

सिझेरियन होऊन तिसरा दिवस उजाडला की वॉर्डातल्या एखाद्या खाटेजवळ हा प्रश्न हमखास कानावर येतो. कधी आई विचारते, कधी तिची सासू, कधी दाराशी घुटमळणारा नवरा. "डॉक्टर, सिझर झालंय ना, म्हणून दूध उतरत नसेल. वरचं दूध सुरू करू का?" बहुतेक वेळा विचारायच्या आधीच पावडरचा डबा आणलेला असतो आणि खाटेखालच्या पिशवीत ठेवलेला असतो. मी रागावत नाही. बाळ रडत असतं, टाके ओढत असतात, शेजारच्या खाटेवर 'नॉर्मल' झालेल्या बाईचं बाळ पिऊन गाढ झोपलेलं असतं. अशा वेळी आईला सगळ्यात आधी स्वतःचंच काहीतरी चुकलंय असं वाटतं.

पण त्या प्रश्नात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे. पोटावर काप गेला की दूध आटतं, ही ती गोष्ट. हे खरं आहे का, हे आज आपण बघू. त्यासाठी थोडं मागं जावं लागेल.

फार जुन्या काळी हा प्रश्न पडतच नव्हता, कारण पोट उघडायचं ते आई गेल्यावर. प्रसूतीच्या वेळी स्त्री अचानक दगावली आणि तिच्या पोटात हालचाल दिसत असेल, तर वैद्याने विलंब न लावता पोट उघडून बाळ काढावं, असं सुश्रुतसंहितेत सांगितलं आहे. गरोदर स्त्री मेली तर मूल बाहेर काढल्याशिवाय तिला पुरू नये, असा नियम प्राचीन रोममध्येही होता. (ज्युलियस सीझर असा जन्मला म्हणून 'सिझेरियन' हे नाव पडलं, ही कथा खरी वाटत नाही. त्याची आई ऑरेलिया तो मोठा होईपर्यंत चांगली हयात होती.) अशा बाळाला दूध पाजायला कुणी दुसरीच बाई लागायची. दूधआई आपल्याला नवी नाही. संभाजीराजांना पाजणारी कापूरहोळची धाराऊ आपल्या सगळ्यांना माहीत आहे. तिथे कारण सिझेरियन नव्हतं, सईबाईंची तब्येत होती. पण आईला जमत नसेल तर दुसऱ्या बाईने पाजायचं, ही रीत तीच.

सिझेरियननंतर आईही जगली आणि तिने बाळाला छातीशी घेतलं, याची जी जुनी वर्णनं लिहून ठेवलेली आहेत, त्यातलं एक मला फार महत्त्वाचं वाटतं. ते युरोपातल्या इस्पितळातलं नाही, आफ्रिकेतलं आहे. १८७९ साली रॉबर्ट फेल्किन हा इंग्रज प्रवासी आजच्या युगांडातल्या बुन्योरो राज्यात काहुरा नावाच्या गावी होता. तिथे एका विशीतल्या, पहिलटकरीण बाईचं सिझेरियन त्याने डोळ्यांनी पाहिलं आणि पुढे १८८४ साली एडिंबरोच्या एका वैद्यकीय मासिकात त्याची हकीकत छापली. बाईला केळ्याची दारू पाजून गुंगीत ठेवलं होतं. शस्त्रक्रिया करणाऱ्याने त्याच दारूने स्वतःचे हात आणि तिचं पोट धुतलं. मध्यभागी उभा छेद घेतला, रक्त थांबवायला तापलेल्या लोखंडाने डाग दिले, बाळ काढलं, वार काढली, गर्भाशय हाताने दाबून आकुंचन पाववलं. पोटाची जखम लोखंडी खिळ्यांनी आणि सालीच्या दोऱ्याने बंद केली, वर मुळ्यांचा लेप आणि केळीचं पान. अकरा दिवसांत जखम भरली.

त्या काळी युरोपातल्या मोठमोठ्या इस्पितळांत सिझेरियन झालेल्या बहुतेक बायका मरत होत्या, म्हणून ही हकीकत गाजली. पण वैद्यकाचा इतिहास लिहिणारे तिच्यातला एक तपशील सहसा गाळतात. फेल्किनने हेही लिहून ठेवलं आहे, की शस्त्रक्रियेनंतर दोन तासांनी बाळाला आईच्या अंगावर पाजायला दिलं. पहिले काही दिवस आईला दूध फारच थोडं येत होतं, त्यामुळे बाळाला बहुतेक वेळा तिची एक मैत्रीण पाजत होती.

हे पुन्हा एकदा वाचा. भूल म्हणजे केळ्याची दारू, वेदनाशामक काही नाही, पोटात खिळे. तरी बाळ दोन तासांत छातीशी आलं. दूध कमी होतं, ते आलेल्या माणसानेही टिपून ठेवलं. पण म्हणून त्या बाईला 'हिला दूध नाही' असं ठरवून कुणी बाळाला दूर नेलं नाही. मैत्रिणीने वेळ निभावून नेली आणि बाळ आईजवळच राहिलं.

आता शरीरात काय होतं ते थोडक्यात सांगते. दूध सुरू होण्याची कळ पोटाच्या कातडीत नाही, वारेत आहे. गरोदरपणाच्या मध्यापासूनच स्तनांत चीक तयार होत असतो, पण वारेतून येणारं प्रोजेस्टेरॉन भरपूर दूध तयार होऊ देत नाही. वार बाहेर पडली की ते झपाट्याने उतरतं, मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीच्या प्रोलॅक्टिनला मोकळीक मिळते आणि दोन ते चार दिवसांत दूध भरून येतं. आता सांगा, सिझेरियनमध्ये वार आत राहते का? नाही. तीही बाहेर येते. म्हणजे कळ दोन्हीकडे सारखीच दाबली जाते. दूध तिसऱ्या-चौथ्या रात्री उतरतं हे सुश्रुतानेही लिहिलेलं आहे. (तोवर मध-तूप चाटवावं असंही तिथे आहे. ते मात्र आज करू नका. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मधातून बोट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो.)

तरीही सिझेरियन झालेल्या अनेक बायकांना दूध भरून यायला थोडा उशीर लागतो, हे खरं आहे. मी ते नाकारत नाही. मग तो उशीर येतो कुठून?

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी शस्त्रक्रिया सुधारली. १८७६ साली इटलीत पावियाला एदुआर्दो पोरो याने बाळ काढून गर्भाशयही काढून टाकलं आणि बाईला वाचवलं. १८८२ साली जर्मनीत मॅक्स सँगर याने गर्भाशयाला नीट टाके घालण्याची पद्धत मांडली. जंतुनाशकांचा वापर रुळला, पुढे रक्त देता येऊ लागलं, पेनिसिलीन आलं. सिझेरियन करून बाई घरी जाऊ लागली. ही केवढी मोठी गोष्ट होती याची आज आपल्याला कल्पनाही येणार नाही.

मात्र त्याच काळात बाळंतपण घरातून इस्पितळात गेलं, आणि इस्पितळाने बाळाची खोली वेगळी केली. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पाश्चात्त्य इस्पितळांत बाळं काचेपलीकडच्या नर्सरीत ओळीने ठेवलेली असत. संसर्गाची भीती हे त्याचं कारण होतं, आणि ते अगदीच खोटं नव्हतं. पण बाळ आईकडे यायचं ते घड्याळ बघून. दर चार तासांनी पाजा, मधे नाही, असा दंडक न्यूझीलंडच्या ट्रबी किंग या डॉक्टरने घालून दिला होता आणि तो जगभर पसरला. सिझेरियनवाल्या आईचं तर आणखी कठीण. तिला पूर्ण भूल दिलेली, ती तासन्‌तास गुंगीत. बाळही भुलीच्या औषधाने पेंगुळलेलं. आईला जाग येईपर्यंत बाळाला नर्सरीत बाटली लागलेली असायची. मग तिसऱ्या दिवशी बाळ स्तन धरेना, दूध ओढलं न गेल्यामुळे दूध वाढेना, आणि दोष जायचा काप घेणाऱ्या सुरीला.

ही पद्धत आपल्याकडेही आली. मी शिकत होते तेव्हा सिझेरियन झाल्यावर बाळाला पुसून, गुंडाळून आईला एकदा तोंड दाखवायचं आणि घेऊन जायचं, असाच शिरस्ता होता. मीही असंख्य वेळा तसंच केलं. टेबलावरच्या बाईने मान वळवून बाळ कुठे गेलं ते बघायचा प्रयत्न करावा आणि आम्ही म्हणावं, "हलू नका." त्यात काही चुकतंय असं तेव्हा आमच्यापैकी कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

आता वेदनेकडे येऊ. गावाकडच्या माणसाला 'गाय पान्हा चोरते' हे सांगावं लागत नाही. अनोळखी माणूस धारेला बसला, कुत्रं भुंकलं, वासरू दिसेनासं झालं, की कासेत दूध असूनही गाय ते सोडत नाही. १९४१ साली अमेरिकेत ईली आणि पीटरसन या दोघांनी हे प्रयोगाने दाखवलं. गाईच्या पाठीवर मांजर ठेवायचं आणि कागदी पिशव्या फोडून आवाज करायचे, असा तो प्रयोग. घाबरलेल्या गाईने पान्हा सोडला नाही.

सात वर्षांनी, १९४८ साली, नाइल्स न्यूटन आणि मायकेल न्यूटन या दांपत्याने हेच एका आईच्या बाबतीत करून पाहिलं. काही दिवस तिला शांतपणे पाजू दिलं. काही दिवस पाजताना तिला मुद्दाम त्रास दिला. पाय बर्फाच्या पाण्यात बुडवायचे, पायाची बोटं दुखतील इतकी ओढायची, अवघड गणितं घालायची आणि चुकल्यावर विजेचा हलका झटका द्यायचा. शांतपणे पाजलं तेव्हा बाळाला सरासरी १६८ ग्रॅम दूध मिळालं. त्रास दिला तेव्हा फक्त ९९ ग्रॅम. आणि त्रास देतानाच आईला ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन दिलं तेव्हा १५३ ग्रॅम. म्हणजे दूध नाहीसं झालेलं नव्हतं. ते स्तनातच होतं, पान्हा फुटत नव्हता. पान्हा फोडणारं ऑक्सिटोसिन दुखण्यामुळे आणि ताणामुळे अडलं होतं. (बाळाचा स्पर्श, त्याचं दर्शन, नुसती आठवण यांनीही दूध वाहू लागतं आणि स्नेह हे त्याचं कारण, असं सुश्रुतसंहितेत म्हटलं आहे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या निरीक्षणाला न्यूटनबाईंनी ग्रॅममध्ये मोजलं म्हणा ना.)

ज्या बाईच्या पोटावर ताजे टाके आहेत, जिला कुशीवर वळता येत नाही, लघवीची नळी लावलेली आहे, हाताला सलाईन आहे आणि बाळ दुसऱ्या खोलीत आहे, तिचा पान्हा अडला तर नवल काय?

बाळाला आईजवळच ठेवण्याचा प्रयोग अमेरिकेत न्यू हेवनच्या इस्पितळात एडिथ जॅक्सन यांनी १९४६ साली सुरू केला. पण सिझेरियनवाल्या बायका त्यातूनही बराच काळ बाहेर राहिल्या. 'तुमचं ऑपरेशन झालंय, तुम्ही पेशंट आहात' हे उत्तर त्यांना मिळत राहिलं. अमेरिकेत १९७० साली दर शंभरात साडेपाच बाळंतपणं सिझेरियनची होती, १९८० साली साडेसोळा. संख्या वाढली तशा त्या बायका एकत्र येऊन बोलू लागल्या. त्यांचं म्हणणं साधं होतं. नवऱ्याला थिएटरमध्ये येऊ द्या, मला जागं ठेवा, बाळ माझ्याजवळ द्या. १९८० साली तिथल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने सिझेरियनवर तज्ज्ञांची परिषद भरवली. निरोगी बाळाला केवळ रिवाज म्हणून आईबापांपासून दूर नेऊ नये, असं त्या परिषदेने स्पष्ट सांगितलं. हे पाठ्यपुस्तकातून आलं नव्हतं, त्या बायकांच्या हट्टातून आलं होतं, असं माझं मत आहे.

त्यांच्या हट्टाला साथ मिळाली ती भुलीच्या बदललेल्या पद्धतीची. पाठीच्या कण्यात इंजेक्शन देऊन कमरेखालचा भाग बधिर करायची पद्धत १८९८ साली ऑगस्ट बिअर यांनी दाखवली होती, पण सिझेरियनसाठी ती सर्रास वापरात यायला पुढची कित्येक दशकं गेली. आज बहुतेक सिझेरियन अशीच होतात. आई जागी असते. तिचे दोन्ही हात, छाती, डोळे, सगळं शाबूत असतं. २००८ साली लंडनमधल्या डॉक्टरांनी 'नैसर्गिक सिझेरियन' अशी एक रीत लिहून प्रसिद्ध केली. पडदा थोडा खाली घ्यायचा, बाळाला सावकाश बाहेर येऊ द्यायचं, ईसीजीच्या तारा छातीवरून हलवायच्या, सलाईन आईच्या डाव्या हाताला लावायचं (ती उजवखुरी असेल तर) आणि बाळ थेट तिच्या छातीवर. वाचताना वाटतं, यात नवं काय? पण तारा कुठे चिकटवायच्या याचा विचार कुणीतरी करावा लागतो, तेव्हाच बाळाला छातीवर जागा होते.

जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांचंही आज हेच सांगणं आहे. बधिर करून सिझेरियन झालं असेल तर बाळ लगेच, पूर्ण भूल दिली असेल तर आई शुद्धीवर येताच, कातडीला कातडी लागेल असं छातीवर द्यावं.

२०१२ साली लंडनच्या काही संशोधकांनी ३३ देशांतल्या ५३ अभ्यासांची एकत्र पाहणी केली. सिझेरियननंतर सुरुवातीला पाजणाऱ्या आयांचं प्रमाण कमी आढळलं. मात्र ज्यांनी एकदा पाजायला सुरुवात केली, त्यांच्यात सहा महिन्यांनी सिझेरियन आणि नॉर्मल असा ठळक फरक उरला नव्हता. आणखी एक गोष्ट दिसली. कळा सुरू होण्याआधीच ठरवून केलेल्या सिझेरियनमध्ये सुरुवात जास्त अडखळत होती, कळा येऊन मग घाईने कराव्या लागलेल्या सिझेरियनमध्ये तेवढी नाही. काप तर दोन्हीकडे सारखाच असतो. कळांमध्ये स्रवणाऱ्या संप्रेरकांचा यात काही वाटा असावा. पण निव्वळ सुरीने दूध आटत असतं, तर हा फरक दिसला नसता.

आपल्या घरचं चित्र काय आहे? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार भारतात २००५-०६ साली साडेआठ टक्के बाळंतपणं सिझेरियनने होत होती, २०१९-२१ मध्ये साडेएकवीस टक्के. महाराष्ट्रात २५.४ टक्के, म्हणजे चारातली एक. आणि जन्मल्यावर तासाभरात छातीशी लागलेली बाळं देशात ४१.८ टक्केच. हे दुसरं प्रमाण सगळ्या सिझेरियनवाल्यांच्या माथी मारता येणार नाही. त्यात चीक पिळून टाकण्याची जुनी समजूत आहे, गुटी आहे, 'आत्ता झोपू द्या तिला' अशी माया आहे.

या बाबतीत आपल्याकडे काही फार चांगली कामंही झाली. १९८९ साली मुंबईच्या सायन हॉस्पिटलमध्ये डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी मातृदुग्ध पेढी सुरू केली. आशियातली ती पहिली. काहुरातल्या त्या मैत्रिणीचं काम आता तपासलेलं, पाश्चराइझ केलेलं दूध करू लागलं, म्हणायला हरकत नाही. १९९१ साली वर्ध्याला स्तनपानाच्या प्रचारासाठी बीपीएनआय ही राष्ट्रीय संघटना उभी राहिली, आणि १९९२ साली बाळांच्या दूध-पावडरींची जाहिरात करण्यावर बंदी घालणारा कायदा झाला. आज एसटी स्टँडवर 'हिरकणी कक्ष' दिसतो, तेव्हा बुरुज उतरून गेलेली ती गवळण आठवते. तान्ह्याकडे जायला तिला वाट नव्हती, तिने ती काढली. सिझेरियनच्या आईची वाट मात्र आपण काढून द्यायची असते, कारण सुरुवातीला तिला उठणं अवघड असतं.

म्हणून आता थेट तुमच्याशी, म्हणजे आईशी आणि तिच्या माणसांशी बोलते.

दवाखान्यात नाव नोंदवतानाच विचारून ठेवा, "सिझर झालंच तर बाळ माझ्याजवळ किती वेळात द्याल?" पाठीत इंजेक्शन दिल्यावर उताणं पडून राहायला सांगितलं असलं तरी पाजता येतं. कुणीतरी बाळाला तिच्या छातीवर आडवं धरायचं. धरणाऱ्याने मात्र पूर्ण वेळ जागं राहायचं, कारण आई औषधांनी पेंगुळलेली असू शकते. नंतर कुशीवर झोपून पाजा, किंवा बसून बाळाला काखेखाली उशीवर घ्या. त्याचे पाय पाठीकडे जातात आणि टाक्यांवर भार येत नाही. दुखत असेल तर सोसत बसू नका. पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक ही नेहमीची औषधं पाजणाऱ्या आईला चालतात. कोडीन किंवा ट्रॅमाडॉल असलेली गोळी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. दुखणं कमी झालं की पान्हा फुटायला मदत होते, हे बर्फाच्या पाण्यावरून आठवा.

बाळ काचेच्या पेटीत असेल तर पहिल्या काही तासांतच हाताने चीक काढायला सुरुवात करा, नर्स दाखवतील. पहिल्या दिवशीचा चीक चमच्यांनी मोजण्याइतकाच असतो. बाळाला तेवढाच लागतो. तो बघून 'काहीच येत नाही' असं म्हणू नका. बाळाला पुरतंय की नाही हे आईच्या छातीकडे बघून नाही, लंगोटाकडे बघून ठरवा. पाचव्या दिवसापासून रोज सहा-सात वेळा शू, काळी शी जाऊन पिवळी होणं, आणि दोन आठवड्यांत जन्माचं वजन परत येणं, ही खूण आहे. सुरुवातीला वजन थोडं उतरतंच. दहा टक्क्यांहून जास्त उतरलं, बाळ मलूल झालं, कावीळ वाढली किंवा शू कमी झाली, तर वाट न बघता बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

काही आयांना खरोखरच दूध कमी पडतं. खूप रक्तस्राव झालेला असतो, थायरॉइडचा त्रास असतो, स्तनांवर आधी शस्त्रक्रिया झालेली असते. अशा वेळी वरचं दूध देणं हे औषध देण्यासारखंच आहे. त्यात आईचं काही चुकलेलं नाही.

आणि खाटेखालचा तो डबा? तूर्त पिशवीतच राहू द्या. डॉक्टरांनी सांगितलं तरच उघडा, बाटलीऐवजी वाटी-चमच्याने पाजा, आणि प्रत्येक वेळी आधी बाळाला अंगावर घ्या.